रेणूचे एकच कंपन उठवायचे असेल तर: ६४० पिक्सेलच्या लिक्विड क्रिस्टल पल्स शेपरचे परीक्षण

फेमटोसेकंद (सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) लेझरच्या पल्सला आकार देऊन रेणूतले एक कंपन उठवायचे आणि बाकीची दाबून ठेवायची, या कामासाठी आज मुख्यतः तीन प्रकारची यंत्रे वापरली जातात. फोर-एफ मांडणीत (ग्रेटिंगने रंग वेगळे करून, त्यांना आकार देऊन पुन्हा एकत्र आणणारी मांडणी) बसवलेला लिक्विड क्रिस्टल मास्क, तशाच मांडणीतले एलकॉस पॅनेल (सिलिकॉन चिपवरचे लिक्विड क्रिस्टल), आणि टेल्युरियम डायऑक्साइडच्या स्फटिकात ध्वनिलहर सोडून चालणारा अकुस्टो-ऑप्टिक शेपर. हे परीक्षण पहिल्याचे आहे: दोन थरांचा, ६४० पिक्सेलचा मास्क, सोबत १२०० रेषा प्रति मिलिमीटरची दोन ग्रेटिंग आणि ५०० मिलिमीटर नाभीय अंतराचे दोन दंडगोलाकार आरसे. लेझर ८०० नॅनोमीटरचा, पल्स २५ फेमटोसेकंदांची. बाकीच्या दोघांचा विषय खरेदीचा निर्णय बदलेल तिथेच काढला आहे.

आमचे मत आधीच सांगतो. द्रवातल्या लहान रेणूंची ७०० सेमी⁻¹ पर्यंतची कंपने निवडण्यासाठी हे यंत्र अतिशय चांगले आहे. मात्र त्याची खरी किंमत अलाइनमेंट आणि फेज (प्रकाशलहरीची कला, म्हणजे ती आवर्तनात कुठे आहे) कॅलिब्रेशनमध्ये मोजावी लागते. या दोन्हींना वेळ देणार नसाल तर हे घेऊ नका.

आधी पल्सकडे पाहू, कारण शेपर कितीही चांगला असला तरी लेझरमध्ये जे नाही ते तो देऊ शकत नाही. कंपनाचा काळ काढायला ३३,३५६ ला सेमी⁻¹ मधल्या तरंगसंख्येने भागा, उत्तर फेमटोसेकंदांत मिळते. क्लोरोफॉर्म हा चाचणीसाठी सर्वांत सोयीचा द्रव, कारण त्याची खालची तीन कंपने एकमेकांपासून छान दूर आहेत: २६२, ३६६ आणि ६६७ सेमी⁻¹. त्यांचे काळ अनुक्रमे १२७, ९१ आणि ५० फेमटोसेकंद. रेणू प्रकाश शोषत नसताना कंपन उठते ते आवेगी रामन प्रक्रियेने, म्हणजे पल्सच्या वर्णपटातल्या दोन वारंवारतांमधला फरक कंपनाइतका असला पाहिजे. गाउसीय पल्स धरली तर २५ फेमटोसेकंदांची पल्स २६२ चे कंपन कमाल प्रेरणेच्या ८७ टक्के उठवते आणि ६६७ चे ४१ टक्के. तीच पल्स ३५ फेमटोसेकंदांची झाली की ६६७ साठी जेमतेम १७ टक्के उरतात. १०० फेमटोसेकंदांच्या लेझरवर ६६७ चे नाव काढू नये, आणि २६२ सुद्धा ११ टक्क्यांवर येते. पल्सची लांबी कंपनाच्या अर्ध्या काळापेक्षा कमी ठेवा, हा नियम पुरेसा आहे.

आता आकाराकडे. इथे बहुतेक जण शेकडो पिक्सेल मोकळे सोडून संगणकाला शोध घ्यायला लावतात. कंपन निवडायला त्याची गरज नसते. वर्णपटावर साइन आकाराचा फेज लावला की एका पल्सची माळ होते, आणि त्या साइनचे फक्त तीन आकडे असतात: मोठेपणा, माळेतल्या दोन पल्समधले कालांतर, आणि साइनची सरक. कालांतर निवडलेल्या कंपनाच्या काळाइतके किंवा त्याच्या पूर्ण पटीत ठेवले तर ते कंपन तसेच्या तसे राहते. पण कालांतरात कंपनाचे अमुक पूर्ण आणि वर अर्धे आवर्तन बसत असेल, तर त्याची प्रेरणा शून्यापर्यंत खाली आणता येते. त्यासाठी मोठेपणा १.२० रेडियन हवा. हा आकडा कुठून आला? अर्ध्या आवर्तनाच्या कंपनाची प्रेरणा शून्य श्रेणीच्या बेसेल फलनाने ठरते, त्यात मोठेपणाची दुप्पट जाते, आणि त्या फलनाचे पहिले शून्य २.४०५ वर आहे. त्याचे निम्मे १.२०.

या मोठेपणावर मधल्या पल्समध्ये ४५ टक्के ऊर्जा राहते, शेजारच्या दोघींत प्रत्येकी २५ टक्के, आणि त्यांच्या पलीकडच्या दोघींत प्रत्येकी अडीच टक्के. पाच पल्सची ही माळ क्लोरोफॉर्मवर लावून पाहू.

कालांतर १२७ फेमटोसेकंद ठेवले की २६२ पूर्ण टिकते, ३६६ सात टक्क्यांवर येते, ६६७ एका टक्क्यावर. निवड जवळजवळ निर्मळ. कालांतर ५० ठेवले की ६६७ टिकते, २६२ सात टक्के, ३६६ दीड टक्का. हेही उत्तम. मधले ३६६ मात्र फसवते. त्याच्या एका काळाइतके, म्हणजे ९१ फेमटोसेकंदांचे कालांतर लावले तर २६२ चे ३० टक्के आणि ६६७ चे तब्बल ६३ टक्के शिल्लक राहतात. म्हणजे निवड झालीच नाही. कालांतर दुप्पट करा, १८२ फेमटोसेकंद: ३६६ पूर्ण राहते, २६२ तीन टक्क्यांवर जाते, ६६७ तेरा टक्क्यांवर. तिप्पट केले की पुन्हा बिघडते, २६२ चे ७० टक्क्यांहून अधिक परत येतात. हे आकडे प्रयोगाआधी कागदावर काढायला दहा मिनिटे लागतात आणि प्रयोगशाळेतला आठवडा वाचतो. टक्केवारी कंपनाच्या मोठेपणाची आहे आणि आकार न दिलेल्या पल्सच्या तुलनेत आहे, हे लक्षात असू द्या.

एक गोष्ट विक्रीच्या माहितीपत्रकांत सहसा स्पष्ट लिहिलेली नसते. शोषण नसलेल्या रेणूत फेज बदलून कुठलेही कंपन आकार न दिलेल्या, तेवढ्याच ऊर्जेच्या पल्सपेक्षा जास्त उठवता येत नाही. आकार निवड देतो, वाढ देत नाही. फायदा वेगळ्या वाटेने मिळतो: माळेतल्या सर्वांत मोठ्या पल्सची तीव्रता ४५ टक्केच असल्यामुळे, नमुना खराब होण्याच्या मर्यादेपर्यंत जाताना एकूण ऊर्जा दुपटीहून अधिक वाढवता येते. नाजूक नमुन्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. १९९० मध्ये पेरिलीनच्या स्फटिकावर झालेल्या प्रसिद्ध प्रयोगात हीच पल्सच्या माळेची कल्पना होती, आणि तिथे फेज मास्क काचेवर कायमचा कोरलेला होता. प्रोग्राम करता येणारे लिक्विड क्रिस्टल मास्क त्याच सुमारास आले.

रेणू प्रकाश शोषत असेल, एखादा रंगद्रव्याचा रेणू समजा, तर वरचा हिशेब लागू पडत नाही. तिथे एकाच पल्समध्ये रेणू वर जातो आणि खाली आणलाही जातो, ऋण चर्पची पल्स (चर्प म्हणजे पल्समधले रंग पुढेमागे होणे, ऋण चर्पमध्ये निळा आधी येतो) मूळ पातळीतले कंपन वाढवते, आणि सरकीचा आकडाही परिणाम करू लागतो. अशा नमुन्यावर यंत्राची पहिली चाचणी कधीही घेऊ नये.

यंत्राची रचना

पहिले ग्रेटिंग रंग वेगळे करते, ५०० मिलिमीटरवरचा आरसा प्रत्येक रंग मास्कवर आपापल्या जागी आणतो, मास्कनंतर तोच प्रवास उलटा. मास्कवर दर नॅनोमीटरला ०.६८ मिलिमीटर अंतर मिळते. मास्कची रुंदी ६४ मिलिमीटर, पिक्सेलची १०० मायक्रॉन, त्यातली सुमारे ३ मायक्रॉन मधली फट. म्हणजे एकूण ९४ नॅनोमीटरचा वर्णपट बसतो आणि एका पिक्सेलवर ०.१४६ नॅनोमीटर, म्हणजे ६८ गिगाहर्ट्झ येतात. याचा उलटा आकडा १४.६ पिकोसेकंद, तो या यंत्राचा कालावकाश, म्हणजे पल्स जास्तीत जास्त एवढ्या काळावर पसरवता येते. २५ फेमटोसेकंदांच्या पल्सचा वर्णपट निम्म्या उंचीवर ३८ नॅनोमीटर रुंद असतो, त्यामुळे दोन्ही कडांना भरपूर जागा राहते. कडा कापल्या गेल्या की पल्सच्या मागेपुढे लहान पल्स उगवतात.

क्लोरोफॉर्मच्या १२७ फेमटोसेकंदांच्या माळेसाठी साइनचे एक आवर्तन ११५ पिक्सेलवर पसरते. एवढी बारकाई लागतच नाही. तेवढाच वर्णपट १२८ पिक्सेलवर बसवला तरी एका आवर्तनाला २३ पिक्सेल मिळतात आणि माळ व्यवस्थित तयार होते. म्हणून फक्त द्रवातल्या अशा कंपनांचेच काम असेल तर १२८ पिक्सेलचा जुना मास्कही चालेल. ६४० चा खरा उपयोग पिकोसेकंदांच्या लांब माळांना, स्फटिकातल्या कमी वारंवारतेच्या कंपनांना आणि मोठा चर्प दुरुस्त करायला होतो. शेजारच्या पिक्सेलमधला फेजचा फरक पाय (π) रेडियनपेक्षा कमी राहिला पाहिजे. या मर्यादेत मास्कच्या कडांपर्यंत ५०,००० चौरस फेमटोसेकंदांचा चर्प कागदावर बसतो. प्रत्यक्षात त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या पुढे जाऊ नये.

मास्कचे दोन थर एकमेकांशी काटकोनात, आत येणाऱ्या ध्रुवीकरणाशी ४५ अंशांत असतात आणि बाहेर पोलरायझर असतो. दोन्ही थरांच्या फेजची सरासरी पल्सचा फेज ठरवते, त्यांच्या फरकाचे निम्मे घेऊन त्याच्या कोसाइनचा वर्ग तीव्रता ठरवतो. म्हणून एका थराच्या कॅलिब्रेशनमधली चूक फेजमध्येही येते आणि तीव्रतेतही. फक्त फेजचे काम असेल तर एका थराचा मास्क घ्या: प्रकाश जास्त पार जातो, सेटिंगमधल्या चुका निम्म्या होतात. दोन थरांचा मास्क घेण्याचे एक सबळ कारण म्हणजे तरंगलांबीचे कॅलिब्रेशन, ते पुढे येईलच.

आरसे दंडगोलाकारच घ्या. ५ मिलिमीटरच्या बीममध्ये १०० मायक्रोज्यूल असतील तर दंडगोलाकार आरशाने मास्कवर सुमारे ८० मायक्रोज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर पडतात, गोलाकार आरशाने त्याच्या पन्नासपट. पारदर्शक इलेक्ट्रोड असलेल्या मास्कला हा फरक जगण्यामरण्याचा आहे. सोन्याचा थर असलेली ग्रेटिंग योग्य ध्रुवीकरणात वापरून, सगळे नीट बसवले तर पूर्ण यंत्रातून ६० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा बाहेर येते. ४० च्या खाली आली तर आधी ग्रेटिंगवरचे ध्रुवीकरण तपासा.

बीमचा आकार हा सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. ५ मिलिमीटरचा बीम मास्कवर १०० मायक्रॉनचा ठिपका बनवतो, म्हणजे अगदी एका पिक्सेलएवढा. २ मिलिमीटरचा बीम पाठवला तर ठिपका २५० मायक्रॉनचा होतो, अडीच पिक्सेलवर सांडतो, आणि ६४० पिक्सेलचे पैसे देऊन तुम्ही २५० पिक्सेलचे यंत्र वापरता. दुर्बिणीची मांडणी करून बीम मोठा करणे हा इथला सर्वांत स्वस्त सुधार आहे.

अलाइनमेंट

मास्क बाजूला काढून ठेवा आणि आधी रिकामी मांडणी शून्य चर्पवर आणा. दुसरे ग्रेटिंग आपल्या जागेपासून एक मिलिमीटर सरकले की १७०० चौरस फेमटोसेकंदांचा चर्प येतो आणि २५ फेमटोसेकंदांची पल्स १९० ची होते. ०.१ मिलिमीटर सरकले तरी ती ३१ ची होते. म्हणून दुसरे ग्रेटिंग मायक्रोमीटर असलेल्या स्टेजवर हवे आणि त्याची जागा पट्टीने न ठरवता ऑटोकोरिलेशन (पल्सची तिच्याच प्रतीशी तुलना करून लांबी मोजणे) बघत ठरवायची. हा चर्प मास्कने दुरुस्त करता येतो हे खरे, पण त्यात मास्कची क्षमता आणि फेजचे वळसे वाया जातात.

पुढचा तपास अवकाशी चर्पचा. बाहेर पडणाऱ्या बीमवर डावीकडून हळूहळू पत्रा सरकवा आणि वर्णपटमापकाकडे बघा. सगळे रंग एकाच प्रमाणात कमी झाले तर ठीक. लाल आधी गेला आणि निळा मागे राहिला, तर आरशापासूनचे अंतर किंवा ग्रेटिंगचा कोन चुकला आहे. हाच तपास बीम नाभीवर आणूनही करा, कारण जवळ दिसणारा दोष आणि दूर दिसणारा दोष वेगळे असतात. ग्रेटिंगच्या रेषा उभ्या नसतील तर बाहेरचा बीम वरखाली तिरका होतो आणि रंग तिरपे पसरतात. ग्रेटिंग त्याच्याच प्रतलात किंचित फिरवून हे जाते.

मास्क परत बसवल्यावर पल्स पुन्हा दाबावी लागते, आणि ती नमुन्याच्याच जागी. एक मिलिमीटर फ्यूज्ड सिलिका ८०० नॅनोमीटरवर ३६ चौरस फेमटोसेकंद घालते, सूक्ष्मदर्शकाचे ऑब्जेक्टिव्ह काही हजार. पातळ बीबीओ (प्रकाशाची वारंवारता दुप्पट करणारा स्फटिक) नमुन्याच्या जागी ठेवून फ्रॉग किंवा मिप्स (दोन्ही पल्सचा फेज मोजण्याच्या पद्धती) करा. मिप्ससाठी शेपरच पुरेसा असतो, वेगळे उपकरण लागत नाही, म्हणून ती पद्धत या यंत्रासोबत फार सोयीची आहे. मिळालेला दुरुस्तीचा फेज जपून ठेवा आणि साइन त्याच्यावर मिळवा. दुरुस्ती न करता साइन लावणे म्हणजे अनोळखी आकारावर आकार देणे.

कॅलिब्रेशन

तरंगलांबीचे कॅलिब्रेशन सोपे आहे. दोन्ही थर वापरून सगळा मास्क काळा करा, दर वीस पिक्सेलला एक छोटी खिडकी उघडी ठेवा, वर्णपटमापकात शिखरे मोजा आणि त्यातून द्विघाती किंवा त्रिघाती वक्र काढा. एका थराच्या मास्कवर हे इतके सरळ होत नाही.

फेजचे कॅलिब्रेशन मात्र चिकाटीचे काम. एक थर सर्वाधिक व्होल्टेजवर ठेवा, दुसऱ्याचे व्होल्टेज पायरीपायरीने बदला, पोलरायझरमधून येणारी तीव्रता नोंदवा, आणि वर-खाली होणाऱ्या त्या वक्रातून फेज सोडवा. मग थरांची अदलाबदल. लिक्विड क्रिस्टलचे द्विअपवर्तन तरंगलांबीनुसार बदलते, त्यामुळे एकच वक्र सगळ्या वर्णपटाला लावू नये. निदान पाच ठिकाणी वेगळा मोजावा. तापमान वाढले की द्विअपवर्तन घटते, म्हणून मास्क आणि खोली दोन्ही स्थिर झाल्यावरच मोजमाप सुरू करा. सकाळच्या थंड मास्कवरचे कॅलिब्रेशन दुपारी उपयोगाचे नसते.

फेज दहा टक्के चुकला तर काय होते? १.२० ऐवजी १.३२ रेडियन लागतात, आणि जे कंपन शून्य व्हायला हवे होते ते १२ टक्के मोठेपणाने, उलट दिशेने परत येते. निवड मागे पडते आणि संगणकाच्या पडद्यावर सगळे बरोबर दिसत राहते. कंपन पूर्ण मरत नसेल तर मोठेपणा १.० ते १.४ पर्यंत बदलून किमान कुठे येतो ते शोधा. किमान १.२० वर आले नाही तर कॅलिब्रेशन पुन्हा करा. ही एकच चाचणी अख्ख्या यंत्राची प्रकृती सांगते.

यंत्राच्या मर्यादा

पिक्सेलमधल्या फटींतून जाणारा प्रकाश आकार घेत नाही. त्याचा मोठेपणा ३ टक्के, तीव्रता हजारात एक, आणि तो मूळ पल्सच्या जागी पडतो. शिवाय पिक्सेलमुळे १४.६ पिकोसेकंदांवर पल्सच्या प्रतिमा उमटतात. क्लोरोफॉर्मच्या माळेत या दोन्हींचा त्रास नाही. पण पल्स ५ पिकोसेकंद पुढे सरकवली की तिची तीव्रता आपोआप ६७ टक्क्यांवर येते, आणि लांब माळेत कडेच्या पल्स अशक्त निघतात. हे आधी हिशेबात धरून माळ आखावी लागते.

काळ आणि जागा यांचे नाते हा फोर-एफ मांडणीचा अंगभूत दोष. पल्स एक पिकोसेकंद सरकवली की बाहेरच्या बीममध्ये ती ०.२७ मिलिमीटर बाजूलाही सरकते. ५ मिलिमीटरच्या बीममध्ये शेकडो फेमटोसेकंदांच्या माळेला हे नगण्य आहे. ५ पिकोसेकंदांच्या माळेत मात्र कडेची पल्स १.४ मिलिमीटर सरकलेली असते, आणि नाभीवर तिची दिशा वेगळी होते. मोठा बीम इथेही मदतीला येतो.

लेझरची दिशा डळमळते तेव्हाही असाच फरक दिसतो. १०० मायक्रोरेडियनचा झोका मास्कवर वर्णपट ५० मायक्रॉन, म्हणजे अर्धा पिक्सेल सरकवतो. १२७ फेमटोसेकंदांच्या साइनला त्याने ०.०३ रेडियनसुद्धा फरक पडत नाही. ५ पिकोसेकंदांच्या साइनचे आवर्तन तीन पिक्सेलपेक्षाही छोटे असते, तिथे तोच झोका एक रेडियनहून अधिक चूक करतो. लांब माळांचे काम असेल तर शेपरच्या आधी बीमची दिशा स्थिर ठेवणारी यंत्रणा बसवाच.

वेग कमी आहे. नेमॅटिक लिक्विड क्रिस्टलला आकार बदलायला दहा ते शंभर मिलिसेकंद लागतात. १ किलोहर्ट्झच्या लेझरवर दर पल्सला आकार बदलून पार्श्वभूमी वजा करायची असेल तर हे यंत्र बाद. तिथे अकुस्टो-ऑप्टिक शेपर घ्या. फास्टलाइटचा डॅझलर हे त्यातले सर्वांना ठाऊक नाव. त्यात फोर-एफ मांडणीच नाही, अलाइनमेंट काही मिनिटांची, आणि प्रत्येक पल्सला नवा आकार देता येतो. पण स्फटिकाचा स्वतःचा चर्प दहा हजार चौरस फेमटोसेकंदांच्या वर असतो आणि तो आधी फेडावा लागतो, कालावकाश काही पिकोसेकंदांचाच, आणि ध्वनिलहर स्फटिकातून पार व्हायला दहा-वीस मायक्रोसेकंदांहून जास्त घेते. ८० मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरवर एकामागून एक येणाऱ्या पल्सना लहर वेगवेगळ्या जागी भेटते, त्यामुळे तिथे तो चालत नाही. ऑसिलेटर आणि सूक्ष्मदर्शकाच्या कामाला लिक्विड क्रिस्टलच.

एलकॉस पॅनेल स्वस्त पडते आणि त्याच्या फटी कमी, पण बरीच पॅनेल डिजिटल स्पंदनांनी चालतात आणि त्यांचा फेज सतत थरथरतो. १ किलोहर्ट्झच्या लेझरशी ही थरथर मिसळली की मोजमापात संथ डोलणारा आवाज (नॉइज) येतो आणि त्याचे कारण सापडता सापडत नाही. मध्य अवरक्तात, म्हणजे कार्बोनिल कंपनाच्या पातळ्या थेट एकेक चढायच्या असतील तर, लिक्विड क्रिस्टल स्वतःच प्रकाश शोषतो. तिथे फोर-एफमध्ये जर्मेनियमचा अकुस्टो-ऑप्टिक मॉड्युलेटर वापरतात.

शेपर अँप्लिफायरच्या आधी लावायचा की नंतर? आधी लावला तर मास्कवर ऊर्जा कमी पडते, पण साइन आकाराने अँप्लिफायरमध्ये ताणलेल्या पल्स एकमेकींत मिसळतात आणि अरेषीय परिणामांनी माळ विद्रूप होते. आधी लावायचाच असेल तर फक्त फेज बदला. तीव्रतेचा मास्क लावून वर्णपट अरुंद झाला की ताणलेली पल्स छोटी होते आणि अँप्लिफायरच्या प्रकाशघटकांना इजा होऊ शकते. आमची पसंती नंतर लावण्याला, बीम मोठा करून.

नियंत्रण खरे की भासमान

या क्षेत्रातला सर्वांत मोठा घोटाळा इथे होतो. आकार बदलला की कमाल तीव्रताही बदलते, आणि तीव्रतेवर अवलंबून असलेले काहीही बदलले की ते नियंत्रण वाटते. साइन फेजचे मोठे बळ हे की पल्स एकमेकींवर चढत नाहीत तोवर, म्हणजे कालांतर पल्सच्या दुपटीहून जास्त असेपर्यंत, कालांतर बदलल्याने कमाल तीव्रता बदलत नाही. म्हणून मोठेपणा १.२० वर स्थिर ठेवून कालांतर ६० ते ४०० फेमटोसेकंद फिरवा. २६२ चे कंपन दर १२७ फेमटोसेकंदांनी वर आले, मध्ये शून्यावर गेले, आणि द्रावकाचा तात्क्षणिक इलेक्ट्रॉनिक संकेत सपाट राहिला, तर नियंत्रण खरे आहे. दोन्ही एकत्र हलले तर ते तीव्रतेचे काम.

दुसरी कसोटी सरकीची. शोषण नसलेल्या द्रवात साइनची सरक शून्य ते दोन पाय फिरवली तरी कंपनाचा मोठेपणा बदलता कामा नये. बदलला तर पल्स दाबलेली नाही, वर्णपट कापला गेला आहे किंवा सेलच्या काचेत वर्णपट पसरतो आहे. जाड सेल सोडून एक मिलिमीटरचा किंवा द्रवाची धार वापरली की शेवटचा दोष जातो. प्रोबचा (कंपन मोजणाऱ्या दुसऱ्या पल्सचा) शून्य क्षणाभोवतीचा संकेत कंपनात मोजू नका. माळ संपल्यानंतरचा भागच फोरियर रूपांतरात घ्या.

स्वयंशिक्षणाचे अल्गोरिदम यंत्रासोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात. त्यांची कल्पना १९९२ मध्ये जडसन आणि रॅबिट्झ यांनी मांडली, आणि १९९८ मध्ये व्युर्झबुर्गच्या गेर्बर यांच्या गटाने लोहाच्या कार्बोनिल संयुगावर ती रासायनिक विघटनासाठी वापरून दाखवली. क्लिष्ट रेणूंसाठी त्यांची जागा आहे. पण हिशेब करून बघा: १०० आकार, ५० पिढ्या, प्रत्येकाला अर्धा सेकंद सरासरी आणि मास्कचे ५० मिलिसेकंद, म्हणजे ४५ मिनिटे. तेवढ्यात लेझर सरकतो आणि अल्गोरिदम त्या सरकण्याचा पाठलाग करतो. ६४० पिक्सेल मोकळे सोडण्याऐवजी साइनचे तीन आकडे शोधायला द्या, आणि दर पिढीत आकार न दिलेली पल्स संदर्भ म्हणून मोजा.

खरेदी करताना विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी मागा: तुमच्या तरंगलांबीवर दोन पायपेक्षा जास्त फेज मिळतो का, फटीची रुंदी, प्रतिसादाचा वेळ चढताना आणि उतरताना वेगवेगळा, आणि फेजच्या वक्राची तापमानानुसार तालिका. यंत्र बसवून झाल्यावर सही करण्याआधी मोठेपणा १.२० आणि कालांतर १२७ फेमटोसेकंद लावून क्लोरोफॉर्मचा वर्णपट काढायला सांगा. ३६६ चे शिखर आकार न दिलेल्या पल्सच्या तुलनेत मोठेपणाने दहा टक्क्यांच्या खाली आले नाही, तर फेजचे कॅलिब्रेशन तिथेच, तुमच्या लेझरवर, मास्क तासभर गरम झाल्यानंतर पुन्हा करून घ्या.